‘पेट साउंड्स’: कुणाला रडू येतं, कुणाला झोप

११ जून २०२५ रोजी ब्रायन विल्सन गेला. वय ८२. ‘बीच बॉइज’ या अमेरिकन बँडचा तो कर्ता-करविता. दुसऱ्या दिवशीच्या मृत्युलेखांमध्ये एका अल्बमचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं, ‘पेट साउंड्स’, आणि सोबत ‘अजरामर’, ‘आजवरच्या सर्वोत्तमांपैकी एक’ अशी विशेषणं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तो त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकला. तेरा गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटं. ऐकायला वेळ तो किती लागणार?

एका मित्राचा रात्री साडेअकराला फोन आला, “अरे, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?” दुसऱ्या दिवशी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, “छान आहे, पण दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटलं.” आणि माझी मावशी, जी गेली तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते, तिने पूर्ण अल्बम शांतपणे ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, “शेवटी कुत्री का भुंकतात?”

तिच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ. आधी मोठा प्रश्न: त्याच छत्तीस मिनिटांबद्दल माणसं इतकी वेगवेगळी कशी बोलतात? नेहमीचं उत्तर असतं, ‘आवड ज्याची त्याची’. ते खोटं नाही, पण त्याने कळत काहीच नाही. मला वाटतं, या अल्बमवर भांडणारे दोघंजण बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी ऐकत असतात. कधी कधी तर अगदी शब्दशः, कारण त्यांच्याकडच्या प्रतीच वेगळ्या असतात.

मुळात हे आहे तरी काय?

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ हॉथॉर्न नावाचं गाव आहे. तिथले ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांनी १९६१ मध्ये बँड काढला. गाण्यांचे विषय समुद्राच्या लाटा, गाड्या आणि मुली. १९६४ मध्ये ‘आय गेट अराउंड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गाणी रचायची, आवाज बसवायचे, वाद्यमेळ ठरवायचा आणि रेकॉर्डिंगही स्वतःच करून घ्यायचं, असा सगळा भार ब्रायनवर.

डिसेंबर १९६४ मध्ये ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात त्याला घबराटीचा झटका आला. त्यानंतर त्याने दौऱ्यांवर जाणं सोडलं. बाकीचे गावोगाव फिरणार, ब्रायन घरी बसून गाणी करणार अशी वाटणी झाली आणि मंचावरची त्याची जागा पुढे ब्रूस जॉन्स्टनने घेतली. १९६५ च्या अखेरीस त्याने बीटल्सचा ‘रबर सोल’ ऐकला. त्यात भरतीचं गाणं एकही नाही, हे त्याच्या मनाने घेतलं. तोवर पॉप अल्बम म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि बाकी जागा भरायला काहीबाही, असा मामला होता.

१९६६ च्या जानेवारीत बँड जपानच्या दौऱ्यावर होता. इकडे तेवीस वर्षांचा ब्रायन टोनी ॲशर या जाहिरातीच्या धंद्यातल्या माणसाला सोबत घेऊन गाणी लिहीत होता. मंडळी परत आली तेव्हा वाद्यांचं बरंचसं काम होऊन गेलेलं. त्यांनी आता फक्त गायचं होतं. अल्बम १६ मे १९६६ रोजी आला.

यातली एक गोष्ट नीट धरून ठेवली की पुढचं सोपं जातं. तोपर्यंतची बहुतेक ध्वनिमुद्रिका म्हणजे मैफलीचा फोटो. कुणीतरी समोर गायलं, आपण ते टिपलं. ‘पेट साउंड्स’ हे फोटो नसून रंगवलेलं चित्र आहे. तो जसा ऐकू येतो तसा कुठल्याही मंचावर कधी वाजला नव्हता. त्यात सायकलची घंटी आणि भोंगा आहे, ॲकॉर्डियन आहेत, घुंगरांसारख्या बर्फगाडीच्या घंटा आहेत. एका ठिकाणी पियानोच्या पोटात हात घालून तारा छेडलेल्या आहेत. फोटोची अपेक्षा धरून बसलेल्या माणसाला चित्र विचित्र वाटतं, आणि १९६६ मध्ये बहुतेक लोक फोटोचीच अपेक्षा धरून होते.

‘सा’ हलतो तेव्हा

आता जरा तांत्रिक भाग. सोडून पुढे गेलात तरी चालेल, पण सगळी मेख इथेच आहे.

पेटीवर सा, ग आणि प एकदम दाबले की जो भरीव आवाज येतो त्याला कॉर्ड म्हणतात. पाश्चात्त्य गाण्यात सुरावटीखाली असे कॉर्ड बदलत राहतात आणि त्या बदलण्याला हार्मनी म्हणतात. आपल्या रागसंगीतात हे नाही. आपल्याकडे तंबोरा असतो. तो घराच्या उंबऱ्यासारखा. गवई कुठेही फिरून आला तरी पाय त्या उंबऱ्याला लागतो आणि ऐकणाऱ्याला कळतं, घरी आलो.

साध्या पॉप गाण्यातही घर असतं. तीन-चार ओळखीच्या खोल्यांतून फिरून गाणं दिवाणखान्यात परत येतं. ब्रायनने या अल्बममध्ये भिंतीच सरकवल्या. पहिलंच गाणं घ्या, ‘वुडन्ट इट बी नाइस’. सुरुवातीला तारांची किणकिण आहे, ती पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सहामध्ये. मग ड्रमवर एकच थाड, आणि गाणं सुरू होतं ते पांढरी चारमध्ये. सहा-सात सेकंदांत ‘सा’ बदलला. मध्यावर तो पुन्हा बदलतो, पांढरी दोनवर जातो, आणि परत येतो. हे सगळं इतकं लाडात घडतं की धक्का बसत नाही. फक्त पोटात थोडं हलल्यासारखं होतं.

दुसरी युक्ती आणखी बारीक आहे. कॉर्डमधला सर्वात खालचा सूर सहसा त्याचा स्वतःचा ‘सा’ असतो. आरतीला पेटीवाल्याने खाली सा न धरता प किंवा ग धरून ठेवला तर गाणं चुकत नाही, पण टेकतही नाही. कुठेतरी अधांतरी राहतं. ‘पेट साउंड्स’भर बेस गिटार हेच करते. ‘गॉड ओन्ली नोज’ या गाण्यात तर घर नेमकं कोणतं, पांढरी सहा की पांढरी तीन, यावर संगीताचे अभ्यासक अजून वाद घालतात. कारण गाणं दोन्हींच्या मधोमध तरंगत राहतं आणि ठाम असं कुठेच बसत नाही. विषय काय? तू नसशील तर माझं काय होईल, ते देवालाच ठाऊक. शब्द सांगतात त्याच अनिश्चिततेवर खालचे सूरही उभे आहेत.

आणि हे सगळं लपवलेलं आहे. वरची चाल इतकी सोपी की लहान मूल गुणगुणेल. म्हणून जो चाल आणि शब्द ऐकतो त्याला एक गोडसं प्रेमगीत मिळतं, दोन मिनिटं पन्नास सेकंदांचं. जो बेस ऐकतो त्याला दुसरंच काहीतरी मिळतं. माझ्या दोन ओळखीच्यांपैकी कोण काय ऐकत होतं, हे आता तुम्हाला कळलं असेल.

मावशीला बेस आपोआप ऐकू आला, कारण तिचा डावा-उजवा हात तीस वर्षं सूर शोधतोय. गोव्यात चर्चच्या कॉयरमध्ये गायलेल्या किंवा घरी दोन आवाजांतले मांडो ऐकत वाढलेल्या माणसालाही इथे परकं वाटत नाही. एका वेळी अनेक सूर धरायची सवय त्या कानांना लहानपणीच लागलेली असते. उलट ज्याचा कान एकाच सुरावटीमागे जाण्यात तयार झाला आहे, त्याला पहिल्या ऐकण्यात या अल्बमचा निम्मा ऐवज सापडतच नाही. त्याच्या कानात काही खोट नाही. तो वेगळ्या कामासाठी घडलेला कान आहे.

‘गॉड ओन्ली नोज’चा शेवट मात्र कुठल्याही कानाला कळतो. शाळेत एका गटाने ओळ सुरू करायची आणि ती संपायच्या आत दुसऱ्या गटाने तीच ओळ उचलायची, असा खेळ आपण खेळलोय. तसेच आवाज एकमेकांवर चढत जातात. या गाण्यातला मुख्य आवाज कार्लचा आहे, पण या शेवटच्या भागापर्यंत तो दमला होता म्हणून त्याला घरी पाठवलं. वरचा आणि खालचा आवाज ब्रायनने गायला, मधला ब्रूसने. इतकी दाटी वाटते, पण गळे दोनच.

तुम्ही नेमकी कोणती प्रत ऐकली?

मघाशी म्हटलं की कधी कधी लोक अक्षरशः वेगळ्या गोष्टी ऐकतात. ते असं.

मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच प्रवाहात. स्पीकर दोन असले तरी दोन्हींतून तेच. स्टीरिओ म्हणजे डावीकडे वेगळं, उजवीकडे वेगळं. मोनो ही आमटी आहे, सगळं एकजीव. स्टीरिओ हे वाढलेलं ताट, वाट्या वेगवेगळ्या.

ब्रायनला लहानपणापासून उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. त्यामुळे त्याच्या डोक्यात संगीत मोनोच होतं आणि अल्बम त्याने मोनोच केला. खोलीत दहा-बारा वादक एकदम वाजवायचे, ते चार पट्ट्यांच्या टेपवर घ्यायचं, मग त्या चार पट्ट्यांची मिळून एक पट्टी करून दुसऱ्या टेपवर उतरवायची आणि उरलेल्या पट्ट्यांवर आवाज भरायचे. वाद्यांची एकदा आमटी केली की त्यातून डाळ परत वेगळी काढता येत नाही.

पण ‘कॅपिटल’ या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला दुकानात ‘स्टीरिओ’ लिहिलेली तबकडीही विकायची होती. म्हणून ‘ड्युओफोनिक’ नावाची क्लृप्ती वापरली गेली. मोनोचाच आवाज घ्यायचा, एका बाजूला खर्ज वाढवायचा, दुसऱ्या बाजूला तारसूर, मध्ये किंचित अंतर ठेवायचं, की झाला स्टीरिओ. ऐकायला ते एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये वाजल्यासारखं लागतं. कित्येकांनी ‘पेट साउंड्स’ पहिल्यांदा ऐकला तो या प्रतीवर. ‘सगळं गढूळ आहे, वाद्यं कळतच नाहीत’ हे जुन्या श्रोत्यांचं गाऱ्हाणं मी बऱ्याचदा ऐकलंय. ते काही वेळा अल्बमबद्दल नसतंच, त्या तबकडीबद्दल असतं.

खरा स्टीरिओ आला तो १९९७ मध्ये. मार्क लिनेट या ध्वनिअभियंत्याने मूळ वाद्यांच्या टेप आणि आवाजांच्या टेप एकमेकांशी जुळवून घेतल्या, म्हणजे आमटी व्हायच्या आधीची डाळ गाठली. त्यात वाद्यं लख्ख कळतात. पण एक गंमत झाली. ‘वुडन्ट इट बी नाइस’च्या मधल्या कडव्यात मोनो प्रतीत माइक लव्हचा आवाज आहे. तो बहुपट्टी टेपवर सापडला नाही, म्हणून पहिल्या स्टीरिओ प्रतीत तिथे ब्रायनच गातो. म्हणजे ‘इथे गातंय कोण’ यावर दोन श्रोते पैज लावतील आणि दोघंही जिंकतील.

माझं मत विचाराल तर आधी मोनो, आणि तेही हेडफोन न लावता, खोलीत. वाट्या कुतूहलासाठी नंतर मोजाव्यात.

“मग तेव्हा पडला का?”

पडला नाही. अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंत गेला. पण बीच बॉइजच्या हिशेबात ते कमीच होतं, आणि कंपनीने दोन महिने व्हायच्या आत, जुलैमध्ये, त्यांच्या जुन्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. नव्या पदार्थाची चव लोकांच्या जिभेवर रुळायच्या आत शेजारी जुनी मिठाई मांडावी, तसं.

ब्रिटनमध्ये चित्र उलटं. ब्रूस जॉन्स्टन मे महिन्यात तबकडी घेऊन लंडनला गेला आणि वॉल्डॉर्फ हॉटेलात त्याने ती जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीला ऐकवली. अल्बम तिथे दुसऱ्या क्रमांकावर पोचला. ‘गॉड ओन्ली नोज’ही तिथे दुसरं आलं. अमेरिकेत मात्र तेच गाणं ‘वुडन्ट इट बी नाइस’च्या मागच्या बाजूला छापलं गेलं आणि ३९ वर थांबलं. त्या वर्षअखेरीस ब्रिटनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ साप्ताहिकाच्या वाचकांनी जगातला सर्वोत्तम गायकसंच म्हणून बीटल्सच्या वर बीच बॉइजना निवडलं.

तबकडी तीच, वर्ष तेच. फरक आधीच्या ओळखीचा. अमेरिकन पोरांसाठी हा बँड म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, आणि मुखपृष्ठावर पाहावं तर मंडळी प्राणिसंग्रहालयात बकऱ्यांना खाऊ घालताहेत. समुद्र गेला कुठे? ब्रिटिश श्रोत्याला कॅलिफोर्नियाचा समुद्र मुळातच दूरचा. त्याची फसगत झाली नाही.

“समीक्षक म्हणतात म्हणून सगळे म्हणतात”

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे.

‘रोलिंग स्टोन’ मासिकाने सर्वोत्तम ५०० अल्बमांची यादी २००३ मध्ये केली, २०१२ मध्ये ती सुधारली आणि २०२० मध्ये नव्याने मतं घेऊन पुन्हा केली. ‘पेट साउंड्स’ तिन्ही वेळा दुसरा. याच अल्बमशी स्पर्धा म्हणून बीटल्सने केला असं ज्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं, तो ‘सार्जंट पेपर’ पहिल्या दोन याद्यांत पहिला होता. २०२० मध्ये तो २४ वर घसरला. मतं देणारी माणसं बदलली, त्यात तरुण आले, वेगळं संगीत ऐकणारे आले, आणि अढळ वाटणारं सिंहासन हललं. तेव्हा यादी हा निसर्गनियम नव्हे.

नाव आपोआप कसं वाढतं यावर एक सुरेख प्रयोग झालेला आहे. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. १४ हजारांहून अधिक लोकांसमोर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली. काहींना फक्त गाणी दिसत होती. काहींना आधीच्यांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तेही दिसत होतं, आणि या दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे आठ स्वतंत्र गट केले होते, जणू आठ वेगळी जगं. आकडे दिसू लागताच गाजलेलं अधिक गाजू लागलं आणि प्रत्येक जगात गाजणारं गाणं वेगळं निघालं. म्हणजे कीर्तीत नशिबाचा वाटा मोठा. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की सर्वांत चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सर्वांत टाकाऊ गाणी क्वचितच वर आली. नशीब मधल्यांना हलवतं.

याला जोडून आणखी एक गोष्ट. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की अर्थहीन शब्दसुद्धा वारंवार नजरेखालून गेले की माणसाला बरे वाटू लागतात. ‘पेट साउंड्स’चे भक्त म्हणतात, “दहा वेळा ऐक, मग आवडेल.” विरोधक म्हणतात, “दहा वेळा ऐकलं तर प्रेशर कुकरची शिट्टीही आवडेल.” दोघंही झायॉन्कला साक्षीला बोलावू शकतात. माझ्यापुरतं सांगतो: दहा वेळा ऐकूनही न आवडलेले अल्बम माझ्या कपाटात भरपूर आहेत.

मोठ्या नावाचं खरं नुकसान वेगळं आहे. हा अल्बम वरण-भातासारखा आहे. त्याची सगळी करामत सौम्यपणात आहे. आता एखाद्याला ‘हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा पदार्थ’ म्हणून वरण-भात वाढा. तो पहिल्या घासाला तिखट शोधणार, मसाला शोधणार, आणि ताट सारून म्हणणार, “यात काय एवढं?” मीही तेच केलं होतं. कॉलेजात मित्राकडून कॅसेट भरून घेतली, एकदा ऐकली आणि तिच्यावर दुसरं काहीतरी भरून टाकलं. पुन्हा ऐकायला मला बारा वर्षं लागली.

“शब्द तर अगदीच पोरसवदा आहेत”

अर्धं मान्य. काही ओळी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिल्यासारख्या आहेत. पण पोरसवदा असणं आणि पोरपणाबद्दल असणं यात फरक आहे.

पहिल्या गाण्यात दोन कोवळी मुलं म्हणतात, आपण मोठे असतो तर किती छान झालं असतं. शेवटच्या गाण्यात, ‘कॅरोलाइन, नो’मध्ये, एकजण विचारतो, तुझे लांब केस कुठे गेले, तू अशी बदललीस कशी. मधल्या अर्ध्या तासात माणूस मोठा होतो आणि ते त्याला सोसत नाही. सोळाव्या वर्षी पहिलं गाणं स्वप्न वाटतं. पंचेचाळिसाव्या वर्षी तेच ऐकताना आपल्याला शेवटचं गाणं माहीत असतं. एकाच घरात मुलगी ‘क्यूट आहे’ म्हणते आणि बाप खिडकीबाहेर बघू लागतो, ते यामुळे.

शिवाय ‘गॉड ओन्ली नोज’ची पहिली ओळच कबुली देते की कदाचित मी तुझ्यावर कायम प्रेम करणार नाही. १९६६ च्या पॉप प्रेमगीताची ही सुरुवात! कबुली दिल्यावर मग तो समजूत घालायला निघतो. ती ओळ नसती तर गाणं खरोखरच नुसतं गोड झालं असतं.

“त्यांनी स्वतः वाजवलंच नाही”

बरोबर, बहुतेक ठिकाणी नाही. एखादं ‘दॅट्स नॉट मी’ सोडलं, ज्याचा गाभा भावांनीच वाजवलाय, तर वाद्यं लॉस एंजेलिसच्या मुरलेल्या स्टुडिओ-वादकांची आहेत. ‘रेकिंग क्रू’ या नावाने ते पुढे ओळखले गेले. ड्रमवर हॅल ब्लेन, बेसवर कॅरल के. रॉकवाल्यांना हे खटकतं, कारण त्यांच्या लेखी बँडने स्वतः घाम गाळला पाहिजे.

आपल्याला खटकायचं कारण नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ अशाच वादकांनी उभा केला. त्यात गोव्याचे वादक किती होते, आणि शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझांचा वाद्यमेळ किती होता, हे जाणकारांना ठाऊक आहे. तिथे आपण ‘संगीतकाराने स्वतः व्हायोलिन वाजवलं का’ असं विचारत नाही. खरा स्टीरिओ ज्यात आला त्या १९९७ च्या संचात स्टुडिओतलं बोलणंही आहे. त्यात ब्रायन वादकांना थांबवतो, सूर गाऊन दाखवतो, पुन्हा घ्यायला लावतो. तेवीस वर्षांचा पोरगा वयाने कितीतरी मोठ्या जॅझवाल्यांना सांगतोय आणि ते ऐकताहेत. ते बोलणं काही गाण्यांहून मला अधिक आवडतं.

न आवडलेल्यांचं काय चुकलं?

काहीच नाही, असं मला वाटतं, आणि त्यांच्या काही तक्रारी मी स्वतःच्या म्हणून मांडीन.

या अल्बमवर नाचता येत नाही. ताल आहे, पण पायाला धरून ठेवणारा ठेका नाही. ड्रम कधी थांबतात, कधी नगाऱ्यासारखे गडगडतात, कधी त्यांच्या जागी नुसत्या घंटा येतात. ज्याचं पॉपशी नातं पायापासून सुरू होतं, त्याच्यासाठी इथे दारच नाही. बारीक, उंच, पातळ पुरुषी आवाज सगळ्यांना मानवत नाहीत, आणि इथे ते जागोजाग आहेत. ‘पेट साउंड्स’ नावाचाच वाद्यांचा एक तुकडा आहे. तो मुळात जेम्स बाँडच्या थाटात रचला होता आणि तसाच वाजतो, पाहुण्यासारखा. आणि पहिल्या बाजूच्या शेवटी ‘स्लूप जॉन बी’ हे बहामाचं लोकगीत का आहे, याचं सांगीतिक उत्तर मला अजून मिळालेलं नाही. व्यापारी उत्तर सोपं आहे. ते आधीच एकल तबकडी म्हणून गाजलं होतं. मी ते गाणं आलं की चहा टाकायला उठतो.

त्याच सुमारास ब्रायनने ‘गुड व्हायब्रेशन्स’वर काम सुरू केलं होतं. ते यात घेतलं असतं तर विक्रीचा प्रश्नच उरला नसता. ऑक्टोबरमध्ये बाहेर पडल्यावर ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिलं आलं. त्याने ते मागे ठेवलं, कारण त्याच्या मते ते अजून झालं नव्हतं.

आणि ती कुत्री?

शेवटचं गाणं ‘कॅरोलाइन, नो’. सुरुवातीला जो पोकळ टक-टक आवाज येतो तो हॅल ब्लेन पाण्याच्या रिकाम्या मोठ्या जारवर वाजवतोय. गाणं झाल्यावर टेप थोडी जलद केली, अर्ध्या सुराने वर, म्हणजे ब्रायनचा आवाज आणखी कोवळा लागावा. ही सूचना त्याच्या वडिलांची. गाणं विरतं, आगगाडी धडधडत जाते आणि दोन कुत्री तिच्यामागे भुंकतात. ती ब्रायनचीच. एक बनाना, दुसरा लुई. आगगाडी ध्वनिपरिणामांच्या तबकडीवरून घेतलेली, कुत्री मात्र स्टुडिओत आणून खरोखर भुंकवलेली.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. सा कसा हलतो, आमटी आणि ताट, आठ जगं, बकऱ्या. तिने ऐकून घेतलं.

“कुत्र्याचं नाव केळं?” ती म्हणाली.

“हो.”

“बरं. ते पहिलं गाणं परत लाव. त्यात पेटीसारखं काहीतरी आहे, भाता जोरजोरात हलवल्यासारखं.”

ते ॲकॉर्डियन होते. दोन. मी तीनदा ऐकूनही मला ते कळले नव्हते, वाचून कळले होते.